दुकानदाराला वीस रुपये नेमके कशाचे?

मसाला_महाल (धागाकर्ती)

नमस्कार. नागपूरच्या महाल भागात आमचे घरगुती मसाल्याचे काम आहे. सावजी पद्धतीचा काळा मसाला, गोडा मसाला आणि उन्हाळ्यात लोणच्याचा मसाला असे तीन प्रकार आम्ही करतो. मी, माझ्या जाऊबाई आणि मदतीला येणाऱ्या दोन बायका एवढाच आमचा पसारा आहे. दोनशे ग्रॅमच्या पाकिटावर आम्ही १०० रुपये छापतो आणि दुकानदाराला ते ८० रुपयांना देतो.

माझा मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात त्याने हिशेबाची वही चाळली आणि विचारले, "आई, मिरची तू निवडतेस, भाजतेस तू, ठसका तुला लागतो, आणि त्याने फळीवरून पाकीट उचलून द्यायचे, तर वीस रुपये कशाचे?" मला उत्तर सुचले नाही. त्याचे म्हणणे असे आहे की मागणी व्हॉट्सॲपवर घ्यावी, पैसे यूपीआयने घ्यावेत आणि दुकानदाराला वगळावे. पण मग माझ्या मनात दुसरा प्रश्न आला. ज्या कंपन्यांकडे पैसा, गाड्या, माणसे आणि जाहिराती असे सर्व काही आहे, त्यासुद्धा साबणाची एक वडी दुकानदाराच्या हातूनच का विकतात? त्यांना ते वीस रुपये नको आहेत का? ज्यांना या व्यवहाराची आतून माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे, ही विनंती.

इतवारी_ठोक

ताई, आमच्या घरात दोन पिढ्या इतवारी-मस्कासाथ भागात वितरणाचा व्यवसाय झाला आणि त्यातली तीस वर्षे मी स्वतः काढली, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

कंपनीचा माल कारखान्यातून निघाला की आमच्याकडे तो प्रथम नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामात, म्हणजे सीएफए म्हणतात त्या कंपनीच्या प्रतिनिधीकडे उतरतो. तेथून तो आमच्यासारख्या स्टॉकिस्टकडे येतो आणि आमचा सेल्समन आठवड्याच्या ठरलेल्या वारी ठरलेल्या बीटवर, म्हणजे फेरीच्या भागात जाऊन दुकानादुकानांतून मागणी लिहून आणतो. सोमवारी मानेवाडा, मंगळवारी नंदनवन, आठवड्यातून एकदा उमरेडची गाडी, असा तो क्रम असतो. आता ज्या मानेवाड्याच्या दुकानात साठ कंपन्यांचा माल आहे आणि ज्याच्या भोवती तीनशे घरे आहेत, त्या दुकानाचा विचार करा. साठ कंपन्यांनी तीनशे घरांशी स्वतंत्र संबंध ठेवायचा म्हटला तर अठरा हजार धागे जोडावे लागतील. मध्ये दुकान आले की साठ धागे एका बाजूला आणि तीनशे दुसऱ्या बाजूला, म्हणजे तीनशे साठ धाग्यांत काम भागते. प्रत्येक धाग्याला एक फेरी, एक बिल, एक वसुली आणि एक संभाव्य भांडण जोडलेले असते, हे लक्षात घेतले की दुकानदार कोणता खर्च वाचवतो ते दिसू लागते.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे पैशाची वेळ. बऱ्याच मोठ्या कंपन्या आम्हा स्टॉकिस्टांकडून माल निघण्यापूर्वीच रक्कम घेतात. आम्ही दुकानदाराला आठ ते एकवीस दिवसांची उधारी देतो आणि दुकानदार गल्लीतल्या गिऱ्हाइकाला महिनाअखेरपर्यंत वहीवर माल देतो. साबण बाथरूममध्ये पोहोचायच्या कितीतरी आधी कारखान्याला त्याचे पैसे मिळालेले असतात आणि मधल्या काळातले सगळे भांडवल आमचे आणि दुकानदाराचे गुंतलेले असते. कंपनीने थेट विकायचे ठरवले तर तिला हे भांडवल स्वतः उभे करावे लागेल, शहराशहरात गोदाम घ्यावे लागेल आणि न विकलेला माल स्वतःच्या अंगावर घ्यावा लागेल. त्यामुळे आपल्या चिरंजीवांना सांगा की वीस रुपये उचलून देण्याचे नाहीत. आपले पाकीट विकले जाईपर्यंत कोणाचे ऐंशी रुपये अडकलेले आहेत, यावर त्यांचे उत्तर अवलंबून आहे.

एक कबुलीही देऊन टाकतो. सर्वच कंपन्यांना आमची गरज असते असे नाही. एशियन पेंट्स या कंपनीने कित्येक दशकांपासून मधला ठोक व्यापारी वगळून रंगाच्या दुकानदारांना थेट माल पुरवला आहे. आमच्यासारख्या ठोक व्यापाऱ्याला ती कंपनी कधीच फारशी आवडली नाही. पण आम्हाला वगळणाऱ्या त्या कंपनीनेही रंगाचे दुकान वगळले नाही, कारण पेंटर त्याच दुकानात येतो, रंगाची छटा तिथल्याच यंत्रावर मिसळली जाते आणि ब्रश, पुट्टी, पॉलिश पेपरही तो तिथूनच घेतो.

मिहान_मधून

काकांचा अनुभव मोठा आहे, याबद्दल दुमत नाही, परंतु हे सर्व फोन हातात येण्यापूर्वीचे गणित आहे असे मला नम्रपणे वाटते. मागणी नोंदवणे, बिल करणे आणि पैसे घेणे या तिन्ही गोष्टींचा खर्च आज नगण्य झालेला आहे, त्यामुळे अठरा हजार धागे संगणक सहज सांभाळू शकतो. डेल कंपनीने १९८४ पासून ग्राहकाला थेट संगणक विकूनच जगभर नाव कमावले. मधला माणूस टिकून आहे तो सवयीमुळे आणि त्याच्या संघटित दबावामुळे, असे मला वाटते. २०२१ च्या अखेरीस वितरकांच्या देशव्यापी संघटनेने, मोठ्या घाऊक साखळ्यांना आणि ऑनलाइन घाऊक कंपन्यांना आपल्यापेक्षा स्वस्त माल मिळतो अशी तक्रार करून, काही बड्या उत्पादकांशी असहकाराचा इशारा दिला होता, हे आपल्याला आठवत असेलच.

इतवारी_ठोक

चांगलेच आठवते. आमचे गिऱ्हाईक असलेले दुकानदार फोनवर दुसऱ्याचा भाव दाखवून आम्हाला जाब विचारत होते. पण त्या भांडणात दुकानदाराला वगळण्याचा प्रश्नच नव्हता. दुकानदारापर्यंत माल कोणी पोहोचवायचा आणि कोणत्या भावाने, एवढाच वाद होता. ज्या नव्या कंपन्यांवर आमचा राग होता, त्याही त्याच किराणा दुकानदाराच्या दारात उभ्या होत्या.

दारोदार_विक्रेता

मिहानकर दादा, डेलचे उदाहरण अर्धेच आले आहे. त्याच कंपनीने २००७ मध्ये अमेरिकेत वॉलमार्टच्या दुकानांतून संगणक ठेवायला सुरुवात केली. कार्यालयांना शंभर-दोनशे संगणक विकताना थेट विक्री उत्तम चालत होती, पण घरासाठी एकच लॅपटॉप घेणाऱ्या माणसाला तो हातात धरून, झाकण उघडून पाहायचा होता.

माझी स्वतःची नोकरी थेट विक्रीचीच होती. नव्वदच्या दशकात मी टाय बांधून रामदासपेठ आणि धरमपेठेत घरोघरी यंत्रे दाखवत असे, त्यामुळे या पद्धतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही अंगावर घेतलेल्या आहेत. भारतात ही पद्धत युरेका फोर्ब्सने १९८२ पासून रुजवली, आणि ती चालली याचे कारण असे की व्हॅक्यूम क्लीनर म्हणजे काय हेच लोकांना ठाऊक नव्हते. गादीतली धूळ काढून पांढऱ्या कपड्यावर दाखवेपर्यंत कोणी खिशात हात घालत नसे. वस्तू महाग होती, तिच्यात समजावून सांगण्यासारखे काही होते आणि एका विक्रीत माझा दिवसाचा खर्च निघत होता. पुढे लोकांना यंत्राची ओळख झाली तेव्हा ते दुकानात जाऊन दोन-तीन कंपन्यांची यंत्रे शेजारी ठेवून पाहू लागले आणि त्या कंपनीलाही आपला माल दुकानांत ठेवावा लागला.

अलीकडचे उदाहरण नायके या बुटांच्या कंपनीचे आहे. २०१७ नंतर त्यांनी थेट विक्रीवर भर दिला, अनेक दुकानदारांशी संबंध तोडले आणि २०१९ मध्ये अमेझॉनलाही माल देणे थांबवले. २०२३ मध्ये मेसीजसारख्या सोडलेल्या दुकान-साखळ्यांकडे ते पुन्हा माल घेऊन गेले. त्यांनी रिकाम्या केलेल्या फळीवर मधल्या काळात दुसऱ्यांचे बूट बसले होते.

गोकुळपेठ_ग्राहक

मला ग्राहक म्हणून एवढेच विचारायचे आहे की बाटाने मग स्वतःची दुकाने कशी चालवली? आणि आपल्याच गावचे हल्दीराम तर स्वतःच्या दुकानातही विकते आणि कोपऱ्यावरच्या किराण्यातही.

दारोदार_विक्रेता

बूट घ्यायला माणूस घरून ठरवून निघतो, त्यामुळे केवळ बुटांचे दुकान चालू शकते. काडेपेटी घ्यायला कोणी सीताबर्डीला जात नाही, म्हणून केवळ काडेपेट्यांचे दुकान मी तरी पाहिलेले नाही. हल्दीरामच्या दुकानात लोक बसून खायला आणि मिठाईचे डबे घ्यायला जातात, तर भुजियाचे लहान पाकीट चहाबरोबर आठवते आणि तेव्हा ते पन्नास पावलांवर हवे असते. कंपनी एकच असली तरी खरेदीचे प्रसंग दोन आहेत, म्हणून रस्तेही दोन ठेवावे लागतात.

गंजीपेठ_औषध

औषधाच्या बाबतीत थेट विक्री का होत नाही हे थोडक्यात सांगतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पाच औषधे असतात आणि ती बहुधा चार कंपन्यांची असतात. प्रत्येक कंपनीने स्वतःचे औषध स्वतः पोहोचवायचे ठरवले तर तापाने फणफणलेल्या माणसाने चार दारांवरच्या घंट्या ऐकायच्या. शिवाय औषधाच्या किरकोळ विक्रीला परवाना लागतो, नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो आणि चिठ्ठी पाहावी लागते. ज्या औषधांच्या किमतीवर सरकारी नियंत्रण आहे, त्यांची कमाल किंमत ठरवताना २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार दुकानदाराला पडणाऱ्या सरासरी किमतीवर त्याचे सोळा टक्के धरूनच हिशेब केला जातो. म्हणजे दुकानदाराच्या कामाचे मोल खुद्द सरकारी सूत्रात लिहिलेले आहे.

मुदत संपलेल्या गोळ्या स्टॉकिस्टमार्फत परत जातात आणि त्यांची क्रेडिट नोट, म्हणजे परत केलेल्या मालाची रक्कम जमा धरल्याची चिठ्ठी, यायला कधी कधी इतके महिने लागतात की आपण काय परत केले होते तेच आठवेनासे होते, ही आमची जुनी व्यथा आहे. ती सोडली तर इतवारीच्या काकांशी मी सहमत आहे.

मसाला_महाल (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. तुमचे प्रतिसाद मी मुलाला वाचून दाखवले. त्याने आधीच उत्साहाने एक प्रयोग सुरू केला होता, त्याचा हिशेब येथे मांडते.

पंधरा दिवसांत थेट मागणीची एकतीस पाकिटे गेली. एकेक पाकीट मागवणाऱ्यांकडे पाठवताना शहरातल्या शहरात कुरिअरचे ५० रुपये, जाड खोक्याचे आणि चिकटपट्टीचे १२ रुपये, म्हणजे ६२ रुपये झाले. कुरिअरचा खर्च गिऱ्हाइकाकडून मागितला तर लोक म्हणतात की १०० रुपयांच्या मसाल्याला दीडशे का द्यायचे, आणि तेही बरोबरच आहे. दोन पार्सले "घरी कोणी नाही" म्हणून परत आली, त्यांचे जाण्याचे भाडे गेले आणि येण्याचेही. याउलट त्रिमूर्तीनगरच्या एका बाईंनी भिशीच्या मैत्रिणींसाठी एकदम बारा पाकिटे मागवली, ती मुलगा स्वतः गाडीवरून देऊन आला आणि त्यात आमचे खरोखर चांगले पैसे उरले. म्हणजे मुलगा पूर्ण चुकीचा ठरला असेही नाही.

पण काकांच्या एका वाक्यावर मी अडले आहे. पाकीट विकले जाईपर्यंत ऐंशी रुपये कोणाचे अडकतात, असे आपण विचारले होते. आमच्या बाबतीत ते आमचेच अडकतात! चारपैकी तीन दुकानदार "ठेवून जा, विकले की पैसे देतो" असे म्हणतात. मग वीस रुपये कशाचे, हा प्रश्न पुन्हा उभा राहतोच.

हिशेबी_माणूस

ताईंनी नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. मी चार्टर्ड अकाउंटंट आहे, त्यामुळे थोडा आकड्यांचा कंटाळा सहन करावा.

प्रथम एक दुरुस्ती. १०० रुपयांवर २० म्हणजे वीस टक्के असे वरवर वाटते, पण दुकानदार ८० रुपये गुंतवून २० मिळवतो, म्हणजे त्याच्या दृष्टीने तो पंचवीस टक्के परतावा आहे. तरीही तो आपल्या पाकिटाकडे दुर्लक्ष का करतो? समजा चालत्या साबणात त्याने १,००० रुपये गुंतवले, त्यावर त्याला दहा टक्केच सुटतात, परंतु तो माल दर आठवड्याला संपतो. चार आठवड्यांत त्याच हजार रुपयांनी त्याला ४०० रुपये मिळवून दिले. आपल्या मसाल्यात गुंतवलेले १,००० रुपये दोन महिन्यांत मोकळे झाले तर २५० रुपये मिळाले, म्हणजे महिन्याला १२५. टक्केवारी आपली अडीचपट असूनही कमाई साबणाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आहे. म्हणून नव्या आणि संथ मालाला दुकानदार जास्त टक्के मागतो आणि मोठ्या कंपन्यांचे काम कमी टक्क्यांत भागते. त्यांची जाहिरात गिऱ्हाइकाला दुकानापर्यंत आणते, दुकानदाराला पटवून सांगावे लागत नाही आणि माल धूळ खात नाही. आपण विचारले होते की मोठ्या कंपन्यांना ते वीस रुपये नको आहेत का. त्या मुळात वीस देतच नाहीत.

आता "ठेवून जा" या पद्धतीबद्दल. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने, ज्यांना पुढे १९९१ मध्ये नोबेल मिळाले, १९३७ मध्येच असा प्रश्न मांडला होता की एखादे काम संस्थेने स्वतः करावे की बाजारातून विकत घ्यावे, आणि उत्तर असे दिले होते की जे करण्याचा एकूण खर्च कमी येईल ते करावे. दुकानदाराकडून आपण नेमकी कोणती कामे विकत घेता, ते या चष्म्यातून पाहा. फळीवरची जागा, गिऱ्हाइकाची वर्दळ, गुंतवलेले भांडवल आणि न विकल्या गेलेल्या मालाचा धोका अशी चार कामे त्यात आहेत. "ठेवून जा" म्हणणारा शेवटची दोन कामे आपल्याकडेच परत ढकलतो आणि मोबदला मात्र चारही कामांचा घेतो. माझे स्पष्ट मत असे आहे की रोख घेणाऱ्याला आपण बावीस द्यावेत आणि ठेवून घेणाऱ्याला दहा-बाराच्या वर देऊ नयेत. एकच दर सर्वांना लावणे ही आपली चूक आहे, दुकानदाराची नव्हे.

आपण उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली असेल तर आणखी एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसल्यास पंधरा दिवसांत द्यावेत, असे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा सांगतो. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीनुसार खरेदीदाराने या मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्याला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. गल्लीतला दुकानदार या कारणाने घाबरणार नाही, पण एखाद्या मोठ्या मॉलने माल घेतला तर हे कलम कामी येते. मात्र विकल्यानंतरच पैसे, अशा बोलीवर ठेवलेला माल विकला जाईपर्यंत आपल्याच मालकीचा असतो, त्यामुळे तेवढ्या काळासाठी या संरक्षणाचा उपयोग होत नाही.

मिहान_मधून

हिशेबी दादांचा हिशेब पटला, पण एक शंका शिल्लक आहे. उत्पादक स्वतःचा नफा लावतो आणि मग दुकानदार त्यावर आपला लावतो, म्हणजे दोनदा नफा चढून वस्तू विनाकारण महाग होत नाही का?

हिशेबी_माणूस

होऊ शकते, आणि ही शंका जुनी आहे. जोसेफ स्पेंग्लर यांनी १९५० मध्ये नेमके हेच दाखवले होते. दोघेही एकमेकांकडे न पाहता आपापला नफा चढवतात तेव्हा किंमत इतकी वाढते की विक्री घटते आणि ग्राहकाबरोबर त्या दोघांचेही नुकसान होते. आपल्याकडे यावर एक देशी उतारा आहे, तो म्हणजे पाकिटावर छापलेली कमाल किंमत. वैधमापनशास्त्राच्या नियमांनुसार आवेष्टित वस्तूवर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापावी लागते आणि दुकानदाराला तिच्यापेक्षा कमी घेता येते, जास्त घेता येत नाही. म्हणजे दुकानदाराच्या नफ्याची वरची मर्यादा उत्पादक स्वतःच छापून मोकळा होतो. ग्राहकहिताचा म्हणून ओळखला जाणारा हा नियम उत्पादकालाही किती सोयीचा आहे, हे सहसा कोणी बोलत नाही. पोत्यातल्या सुट्या मालाला हा बांध नसतो.

काटोल_कृषीकेंद्र

एवढी चर्चा शहराची झाली, म्हणून ग्रामीण बाजूने लिहितो. आमचे कृषी सेवा केंद्र आहे. कपाशीच्या बीटी बियाण्याच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते, त्यामुळे भावाचा प्रश्न फारसा नसतो. प्रश्न असतो तो वेळेचा. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की पंचक्रोशीतल्या सर्व शेतकऱ्यांना त्याच चार-पाच दिवसांत बियाणे लागते. पाऊस कोणत्या तारखेला पडेल हे कोणालाच माहीत नसते, त्यामुळे माल एप्रिल-मेपासून आमच्या गोदामात भरून ठेवावा लागतो. पाऊस लांबला तर तो पडून राहतो, आणि पेरणी उलटली तर दुसऱ्यांदा सर्वजण धावत येतात. कोणतीही कंपनी ही धावपळ दूरच्या शहरातून कुरिअरने निभावू शकणार नाही.

दुसरी बाब उधारीची. जूनमध्ये नेलेल्या बियाण्या-खतांचे पैसे दसरा-दिवाळीला कापूस निघाल्यावर येतात, आणि कोणाला उधार द्यायचे हे आम्ही त्याची जमीन, त्याचे घर आणि मागच्या तीन वर्षांचे वागणे पाहून ठरवतो. ही माहिती कोणत्याही कंपनीच्या संगणकात नसते. त्याची किंमत शेतकरी मोजतो हेही खरे आहे, कारण रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट उधारीवाल्याला मिळत नाही.

खताचे तर असे आहे की २०१८ पासून देशभर अनुदानाची रक्कम कंपनीला तेव्हाच मिळते, जेव्हा आमच्या दुकानातल्या पीओएस यंत्रावर, म्हणजे विक्री नोंदवण्याच्या यंत्रावर, शेतकऱ्याची ओळख पटून विक्रीची नोंद होते. गोणी कारखान्यातून निघाली एवढे पुरेसे नसते. यात आमचा मान वाढला असे कोणी समजू नये. हंगामात हव्या त्या खताबरोबर नको असलेला माल गळ्यात मारण्याचा प्रकार, ज्याला आमच्या धंद्यात लिंकिंग म्हणतात, तो आजही चालतो आणि शेतकऱ्यांच्या शिव्या मात्र समोर बसलेल्या आम्हाला पडतात.

गोकुळपेठ_ग्राहक

शिव्या समोरच्यालाच पडतात हे अगदी खरे आहे. मागच्या मे महिन्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले आइस्क्रीम घरी उघडले तर त्यात बर्फाचे काटे होते. मी कंपनीला कळवले नाही, दुकानदाराशीच भांडलो आणि त्याने मुकाट्याने बदलून दिले. त्याचा फ्रीझर रात्री वीज गेल्यामुळे बंद पडला होता. आता विचार करता असे वाटते की पंचेचाळीस अंशांच्या उन्हात हा पदार्थ प्रत्येक गल्लीत गोठलेला ठेवायचा म्हणजे विजेचे बिल, जागा आणि अशी भांडणे सर्व दुकानदाराच्या माथी आली. आपल्या शहरातले दिनशॉज १९३२ पासून दुग्धव्यवसायात आहे, पण त्यांनीही कपभर आइस्क्रीम घरोघरी पाठवण्याचे ठरवले असते तर ते वाटेतच दूध झाले असते.

दारोदार_विक्रेता

ताई, आणखी एक गोष्ट राहून गेली होती. थेट विक्री चालू ठेवणार असाल तर तिथला भाव दुकानापेक्षा कमी ठेवू नका. आमच्या काळी एका कंपनीने हे केले आणि ज्या दुकानदारांनी तिचा माल पुढच्या फळीवर मांडला होता त्यांनीच तो गिऱ्हाइकाला "हा आता पूर्वीसारखा राहिला नाही" असे सांगून मागे टाकला. आपण थेट गिऱ्हाइकाला अर्धा किलोचे पाकीट द्या, जे दुकानात मिळतच नाही, म्हणजे तुलनेचा प्रश्न येणार नाही आणि कुरिअरचा खर्चही पेलवेल.

मसाला_महाल (धागाकर्ती)

मधल्या दोन आठवड्यांत मी चारही दुकानांत स्वतः जाऊन आले, ते सांगायचे आहे.

"ठेवून जा" म्हणणाऱ्या एका दुकानात आमची नऊ पाकिटे अंगाच्या साबणांच्या मागे, खालच्या फळीवर सापडली. एक फोडून पाहिले तर काळ्या मसाल्याला चंदनाचा वास येत होता. दुकानदार माणूस वाईट नाही, त्याने खुर्ची दिली, पाणी दिले, पण त्या पाकिटांत त्याचा एक रुपयाही अडकलेला नव्हता. याउलट नंदनवनमधल्या ज्या एकमेव दुकानदाराने पहिल्या दिवसापासून रोख मोजले, त्याने पाकिटे गल्ल्याशेजारी टांगली होती, एक उघडे पाकीट वास घेण्यासाठी ठेवले होते आणि माझ्यासमोरच तो एका गिऱ्हाइकाला सांगत होता की मटणाला हा दोन चमचे पुरतो, जास्त घालू नका. हे वाक्य त्याला मी शिकवलेले नव्हते. त्याचे पैसे त्यात होते म्हणून त्याने ते स्वतः शोधून काढले.

हिशेबी दादांच्या सल्ल्याप्रमाणे मी दोन दर केले आहेत. रोखीने चोवीस पाकिटांचे खोके घेणाऱ्याला पाकीट ७८ रुपयांना आणि ठेवून घेणाऱ्याला ८८ रुपयांना. तिघांपैकी एकाने लगेच रोखीचे खोके घेतले, एकाने विचार करतो म्हटले आणि साबणवाल्या दुकानातली पाकिटे मी परत आणली. थेट विक्री मुलगा सांभाळणार आहे, पण अर्ध्या किलोच्या पाकिटांची आणि एका वेळी किमान तीन पाकिटांची, आणि शनिवारी-रविवारी गाडीवर जाऊन स्वतः देण्याची. या दोन दिवसांच्या पेट्रोलचा हिशेब त्याने वेगळ्या पानावर लिहायला सुरुवात केली आहे. परवा तो स्वतःच म्हणाला की प्रतापनगरच्या बाजूला पाच घरे झाली तर तिथल्याच कोणाकडे तरी पाकिटे ठेवून द्यावीत आणि त्याला पाकिटामागे काही द्यावे.

इतवारी_ठोक

किती द्यायचे म्हणतो आहे?

मसाला_महाल (धागाकर्ती)

वीस म्हणाला, काका. मी बारावर अडून बसले आहे, कारण पाकिटांत पैसे आमचेच राहणार आहेत.